माहेरी बरी, सासरी आजारी

ज्यांना घरचे 'ही जरा जास्तच दमते' असं म्हणतात, त्या बायकांसाठी मी हे लिहिते आहे. त्यांना उपदेश करणाऱ्यांसाठी नाही. खरं सांगायचं तर त्या उपदेश करणाऱ्यांच्या विरुद्धच लिहिते आहे. मला बरं होऊन दीड वर्ष झालं. राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो इतक्यात जावा असं मला वाटतही नाही.

पायऱ्या

मी मूळची बार्शीची. लग्न होऊन दिल्लीला आले ती थेट लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सासरच्यांची दिल्लीतली ही तिसरी पिढी. नवरा, सुधीर, केंद्र सरकारच्या नोकरीत. (समोर 'अहो' म्हणते, लिहिताना नाव घेते. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.) घरात सासूबाई आणि आमची एकुलती एक मुलगी मुक्ता. पुढे द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट मिळाला आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. तिसरा मजला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा आणि त्यावर आडवी फळी. मेट्रोचे खांब तेव्हा नुकते उभे राहत होते.

त्या जिन्यानेच मला पहिल्यांदा सांगितलं की काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या मजल्यावर मी भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसायची. वरच्या मजल्यावरच्या मल्होत्रा बाई, साठीच्या, माझ्या शेजारून चढून जायच्या आणि म्हणायच्या, "अरे, अभी से?" मी हसायची. वेणी घालताना हात मध्येच खाली घ्यावा लागायचा. कपडे खुर्चीत बसून वाळत घालायची. आणि बर्फ खायची. फ्रीजमधला ट्रेच्या ट्रे कडाकडा फोडून खायची, जानेवारीतसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, "दात पडतील हो." हे आजाराचं लक्षण असू शकतं हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. घरात ते माझ्या विचित्रपणात जमा होतं.

नोकरी गुडगावला. परदेशी विमा कंपनीचे कागद तिथे तपासले जायचे. घ्यायला आणि सोडायला गाडी यायची, ती नसती तर मी केव्हाच नोकरी सोडली असती. आमच्या ऑफिसात सगळे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते, आणि माझ्या वार्षिक शेऱ्यात साहेबाने लिहिलं होतं की बाईंमध्ये उत्साहाची कमतरता आहे. कमतरता होतीच. पण उत्साहाची नव्हे.

'औरतों में तो ये होता ही है'

हिमोग्लोबिन सात निघालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरून मान वर न करता सांगितलं, "औरतों में तो ये होता ही है. आयरन लिख रहा हूँ. खुश रहा करो." लोहाच्या गोळ्यांनी माणूस खूश कसा होतो ते त्यांनी सांगितलं नाही.

तीन महिने मी एकही दिवस न चुकता गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासलं. सात पूर्णांक एक. डॉक्टर म्हणाले, "मैडम, आप गोली खाती नहीं होंगी."

मी त्यांना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दाखवल्या. पर्समध्ये घेऊनच गेले होते, कारण असं काहीतरी ऐकावं लागेल याची मला आधीच शंका होती. ते म्हणाले, "पट्टी तो कोई भी ले आए."

गाडीत बसल्यावर सुधीरने विचारलं, "खरंच घेतेस ना गं?"

डॉक्टरांचं मला एवढं लागलं नाही. ह्याचं लागलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि घरी जाऊन बर्फ खाल्ला.

टोमणा

दर मे महिन्यात मी मुक्ताला घेऊन दीड महिना बार्शीला जायची. तिथे मी बरी व्हायची. त्याच गोळ्या, तीच मी. दोन आठवड्यांत पोटातला गच्चपणा जायचा, महिन्याभरात ओठांना रंग यायचा, संध्याकाळी वडिलांबरोबर तळ्यापर्यंत चालत जायची. दिल्लीला परतले की दिवाळीपर्यंत पुन्हा पायरीवर.

हे घरच्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी ते पहिल्यांदा फोनवर नणंदेला सांगितलं, मग पाहुण्यांसमोर, आणि मग इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पंचवीस बायकांमध्ये: "आमच्या वैशालीचं दुखणं फार शहाणं आहे बाई. माहेरी गेली की पळतं, सासरी आली की हजर." बायका हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले, त्याची मला आजही लाज वाटते.

सुधीर टोमणे मारत नसे. तो समजूतदारपणे बोलत असे आणि ते जास्त वाईट होतं. "तुला इथे काही खटकतंय का? बोल ना यार. मनात ठेवलं की असं शरीरावर येतं." शेवटी त्याने मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "सास के साथ कैसा है?" मी म्हटलं, जसं असतं तसं आहे. त्यांना हवं होतं ते सापडलं. चार महिने मी त्यांच्या गोळ्या खाल्ल्या. आधी दमून झोपायची, आता गोळीने झोपायची.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटायला लागलं. वाटायचं, असेन मी तशीच. मला हे घर आवडत नसेल आणि ते मलाच माहीत नसेल.

ताकदीचं खाणं

सासूबाईंवर मी अन्याय करणार नाही. त्यांनी माझ्यासाठी खूप केलं. गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, गाळून सत्त्व काढलं. दूध-साखर घालून रोज सकाळी वाटीभर शिजवून समोर ठेवलं. कणीक तुपात भाजून डिंकाचे लाडू केले. संध्याकाळी गव्हाची खीर. "अंगात रक्त भरेल. खा गपचूप." मी खायची. खाऊन पोट नगाऱ्यासारखं व्हायचं आणि मी आडवी व्हायची. मग त्या म्हणायच्या, "एवढं करून हिच्या अंगाला लागत नाही, आता काय म्हणावं?"

ते प्रेम होतं की हिशेब चुकता करणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

मार्बलची लॉबी

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी असताना मी पडले. शुद्धीवर आले ती गुडगावच्या एका नव्या चकचकीत इस्पितळात. लॉबीत मार्बल, कारंजं, रिसेप्शनवर लिपस्टिक लावलेल्या मुली. हिमोग्लोबिन साडेपाच. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. दुसऱ्याचं रक्त अंगात थेंबथेंब जात होतं आणि मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऊब वाटत होती.

सकाळी सहाला ताप बघायचे, सातला चादर बदलायचे, आठला नाश्ता. हलका आहार म्हणून दलिया, टोस्ट, सुजीची खीर. मी शहाण्या मुलीसारखी सगळं संपवायची.

तिसऱ्या दिवशी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी माझ्याशी नव्हे, सुधीरशी बोलायला सुरुवात केली. "चालीस की हो गईं, बच्चा है ही. यूटरस निकलवा दीजिए, झंझट ख़तम."

मी म्हटलं, माझी पाळी नियमित आहे, जास्त जात नाही. त्या म्हणाल्या, "आपको अंदाज़ा नहीं होता." माझ्या शरीरातून काय जातं याचा अंदाज मला नाही आणि ह्यांना आहे! सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं. तरी संमतीचा कागद आला. सुधीरने खिशातून पेन काढलं. "डॉक्टर म्हणतायत तर करून टाकू. एकदाचं संपेल."

मी सही केली नाही. धाडस वगैरे काही नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि हात चादरीत घेतले, बस्स. कागद दोन दिवस टेबलावर पडून होता.

त्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती. संध्याकाळी माझी सलाईन काढताना तिने विचारलं, "दीदी, ख़ून जाता किधर है, किसी ने देखा? पेटवाला डॉक्टर को दिखाया?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "सरकारी में जाओ. इधर तो काटने का शौक है." मग माझ्या पायांवर दुसरं पांघरूण घातलं आणि निघून गेली. सात वर्षांत इतका साधा प्रश्न मला पदवीधर लोकांपैकी कुणीही विचारला नव्हता.

स्टुलावर

मोठ्या सरकारी रुग्णालयात तज्ज्ञाला दाखवायचं तर आमच्या, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या, दवाखान्याची चिठ्ठी लागते. आमचं कार्ड अजून जुन्या क्वार्टरच्या भागातच होतं. तेव्हा द्वारकेहून दोन बस बदलून मी त्याच डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

"पेट में दर्द है?"

"नहीं."

"तो पेट के डॉक्टर के पास क्यों जाना है?"

"क्योंकि आप लोगों के पास सात साल में कुछ नहीं निकला."

ते म्हणाले, पुढच्या महिन्यात या. बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, मी चिठ्ठीशिवाय उठणार नाही. लोकांना वाटलं बाई हट्टाला पेटली. खरं म्हणजे मला उठवतच नव्हतं. पाचएक मिनिटांनी त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे जवळजवळ फेकली. ती उचलायला वाकले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. पण उचलली.

पेन खाली ठेवलं

पोटाच्या विभागातल्या डॉक्टर बाई साठीला आलेल्या, केस बारीक कापलेले, आवाज फाटका. सुधीर बरोबर होता. माझं वय, माझी भूक, माझी झोप, सगळी उत्तरं तोच देत होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "बीमार आप हैं?"

"नहीं, मैडम."

"तो चुप रहिए."

मी त्या बाईंच्या प्रेमात पडले.

त्यांनी माझी नखं पाहिली, जीभ पाहिली. मग सुधीरला राहवलं नाही. जरा हसून, पुरुष आपसात हसतात तसं, तो म्हणाला, "मैडम, एक बात बताऊँ? ये मायके जाती हैं तो बिल्कुल ठीक हो जाती हैं."

मला वाटलं, झालं. आता ह्याही चिठ्ठीवर 'मन' लिहून मोकळ्या होणार. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मायका कहाँ है?"

"बार्शी. सोलापूर ज़िला, महाराष्ट्र."

"वहाँ खाती क्या हैं?"

"भाकरी. ज्वार की."

"गेहूँ?"

"सणाला... त्योहार में. बाकी घर में ज्वार ही."

त्या खुर्चीत मागे रेलल्या. "कितने साल से ये बात सब को पता है?"

मी म्हटलं, सगळ्यांना, पहिल्यापासून. हळदीकुंकवाच्या बायकांनासुद्धा. पण ते नाही सांगितलं.

काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत नाही, असं त्यांनी समजावलं. गहू आतलं अस्तर खरवडून टाकतो, मग लोहाच्या कितीही गोळ्या घ्या, रक्तात पोचत नाहीत. पोट दुखलंच पाहिजे असंही नाही. "आपके पति समझते हैं ताना है," त्या टोमण्याबद्दल बाई म्हणाल्या, "ये तो आपकी सबसे ज़रूरी रिपोर्ट थी."

सुधीरने खाली पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

रिपोर्ट

रक्त तपासलं. मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा घ्यायचा ठरलं. त्याची तारीख पाच आठवड्यांनंतरची, आणि तोवर गहू सोडायचा नाही, नाहीतर तुकड्यात काही दिसणार नाही. म्हणजे कशाने मरते आहे ते कळल्यावर पाच आठवडे तेच रोज दोन वेळा जेवायचं. मी पोळीचा घास मोडायची आणि तिच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघायची.

दुर्बिणीबद्दल जास्त लिहीत नाही. घशात कडू फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते, मग डाव्या कुशीवर. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पाच मिनिटांत संपतं. घाबरू नका. ह्याहून जास्त त्रास मला आमच्या जेवणाच्या टेबलावर झालेला आहे.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी रुग्णालयाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून रडले. लोकांना वाटलं कॅन्सर निघाला. एक सरदारजी पाणी घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, "नहीं जी, बीमारी निकली है. सचमुच की." त्यांना काही कळलं नाही, तरी ते म्हणाले, "चलो, अच्छा हुआ."

एक चमचा कणीक

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गव्हाने कुणी आजारी पडतं का? अख्खी दिल्ली गहू खाते."

माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा. रवा गेला, मैदा गेला, सातू गेले, बिस्किटं गेली. डबीतल्या हिंगातसुद्धा कणीक मिसळलेली असते, हे शोधून काढायला मला महिना लागला. वडिलांनी बार्शीहून ज्वारीचं पोतं पाठवलं, तर चक्कीवाला हसायला लागला. "बहनजी, ये तो हमारे यहाँ भैंस खाती है." त्यात गव्हावर ज्वारी दळली तर उपयोग शून्य. शेवटी घरगुती चक्की आणली. मंडळात सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवायला आले, मी नको म्हटलं, तर प्रसादाला नाही म्हणते म्हणून तोंडं वाकडी झाली.

दोन महिने छान गेले. मग एका शुक्रवारी पोट पुन्हा फुगलं, जुलाब, दोन दिवस आडवी. मी काय खाल्लं ते आठवून आठवून थकले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपणहून सांगितलं. "आमटी दाट व्हायला चमचाभर कणीक लावली होती. म्हटलं, बघू तरी खरं आहे का."

"आई, तुम्ही माझी परीक्षा घेतलीत?"

"अगं, मला काय माहीत एवढं होईल!"

त्यांचे डोळे भरले होते, हे लिहायला हवं. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही, हेही लिहायला हवं. पण त्यानंतर माझ्या भांड्यांना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

हळूहळू रक्त वर चढलं. आठ, साडेनऊ, अकरा. एक दिवस लक्षात आलं की फ्रीजमधला बर्फ आठवडाभर तसाच आहे. एक दिवस मी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि न थांबता कुलूप काढलं. त्याच सुमारास सुधीरला पाहुण्यांना सांगताना ऐकलं, "मला तर पहिल्यापासून शंका होती, पोटाचंच काहीतरी असणार." मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हाला शंका माझ्यावर होती." पाहुणे पोहे खायला लागले.

जे टाळत होते ते

इथपर्यंत लिहिलं ते इतरांबद्दल. आता माझं.

पहिला रिपोर्ट आला त्याच दिवशी डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, "बच्चे हैं? उनकी भी जाँच कराइए, ये ख़ून में चलता है." मी हो म्हटलं आणि चार महिने गेले नाही. मुक्ताला काय झालंय, असं मी म्हणायची. माझी लढाई माझ्यापुरती होती, ती संपत आली होती, आणि मला तिथे पुन्हा पाऊल ठेवायचं नव्हतं.

मुक्ता तेव्हा पंधरा वर्षांची. वर्गात सगळ्यात बुटकी. शाळेतून आली की बूट न काढता पलंगावर झोपायची. बास्केटबॉल सोडलं. केसांच्या गुंत्यांनी बाथरूमची जाळी भरायची. "आई यार, खूप थकायला होतं," ती म्हणायची, आणि मी, सात वर्षं पायरीवर बसलेली मी, काय म्हणायची? "नाटकं नकोत. अभ्यासाची वेळ झाली की बरं थकायला होतं." तीही बार्शीला फुलायची. मी म्हणायची, आजोबा लाडावून ठेवतात.

शेवटी बाईंनीच रागावून तिचा कागद लिहून दिला. रक्त तपासलं, मग दुर्बीण. तिचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार निघालं. आतड्याचा रिपोर्ट माझ्यासारखाच, शब्दसुद्धा तेच.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुक्ताने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घातली, दप्तरात ठेवला.

"म्हणजे मी आळशी नव्हते ना, आई?"

मी म्हटलं, नव्हतीस.

ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिने ओरडावं, मला चारचौघांत वाटेल ते बोलावं, माझी तयारी होती. पण ती माझ्या खांद्याला डोकं टेकून तिथेच झोपली. भांडायला तिच्या अंगात तेवढं रक्तच नव्हतं.